आम्रपालीताईची कुर्ली

आंबा चोखून झाला की बाठा डब्यात टाकायचा, झाकण लावायचं आणि कुर्लीबाईला फुंकर मारायची विनंती करायची. कुर्लीबाई म्हणजे लाल मखमलीची, दोन नांग्या आणि आठ पायांची बाहुली. ती आम्रपालीताईच्या उजव्या हातात असायची आणि कायम चिडलेली असायची.

"मी नाय फुंकर मारणार," ती म्हणायची. "कालच पावस गावी फुंकरी मारून दमलेय. आणि ही ताई मला पगार देते का? विचारा तिला."

पोरं ताईला विचारायची, "देता का हो पगार?"

"देते की, रोज एक कोळंबी," ताई म्हणायची.

"सुकलेली," कुर्लीबाई म्हणायची.

मग पोरांची विनवणी, कुर्लीबाईचे नखरे आणि शेवटी एक फुंकर. झाकण उघडलं की आत अख्खा हापूस. ज्या पोराने बाठा टाकला त्याच्याच हातात तो द्यायचा आणि वास घ्यायला सांगायचं. वास खरा असायचा, कारण आंबा खरा असायचा. पावसाळ्यात आंब्याच्या जागी उकडलेलं अंडं यायचं. टरफलं आत, अख्खं अंडं बाहेर.

तो डबा मी बनवला आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्या एका शॉपमध्ये मी नोकरी करतो आणि आमचं घर ताईच्या घराच्या शेजारी आहे. डब्याला दोन तळ आहेत. हे मी आज बिनदिक्कत लिहू शकतो, कारण आता ते सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे.

ताईने डी.एड. केलं तेव्हा आमच्या बौद्धवाडीत पेढे वाटले गेले होते. तिचे वडील भिवाकाका ज्याला त्याला सांगायचे, "आमची आम्रपाली आता बाई होणार." शिक्षकभरती काही निघाली नाही. निघाली तेव्हा नियम बदललेले होते. मधल्या काळात तिचं लग्न झालं आणि मोडलं. त्याबद्दल ती बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. ती शहरातल्या एका बालवाडीत शिकवू लागली. त्या बालवाडीच्या संमेलनाला पावसचे बाळाकाका जादूचे प्रयोग करायला आले. हे मुंबईत औषधांच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. चाळीतल्या गणपतीत वर्षानुवर्षं जादू करून त्यांनी हात तयार केला होता. प्रयोग संपल्यावर ताई त्यांच्या मागोमाग रिक्षापर्यंत गेली.

"काका, मला शिकवाल?"

"बाईमाणसाला कोण बोलावणार जादू करायला?"

"बोलावतील. पोरं माझं ऐकतात."

ते शिकवायला तयार झाले, पण त्यांची एक रीत होती. शिष्याने देवासमोर नारळावर हात ठेवून सांगायचं की शिकलेलं कुणाला फोडून सांगणार नाही. ताई म्हणाली, "नारळावर हात नाही ठेवणार काका. आमच्यात चालत नाही. शब्द देते."

"शब्द कुणाच्या साक्षीने?"

"तुमच्या."

बाळाकाकांनी जरा विचार केला, मग तो नारळ फोडला आणि एक कवड तिच्या हातात दिली. "मग खा तरी. वाया कशाला घालवायचा."

ताई त्यांच्याकडे तीन वर्षं जात होती. बोट कसं वळवायचं, नजर कुठे ठेवायची, दोरी कुठे धरायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. कुर्लीबाई मात्र तिची स्वतःची. ओठ न हलवता बोलणं, ज्याला शब्दभ्रम म्हणतात, ते तिने आरशासमोर बसून कमावलं. बाळाकाकांना ते येत नव्हतं.

आता तिच्या भावाबद्दल सांगतो. प्रमोददादा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, एका सरकारी कार्यालयात लिपिक आणि वाडीच्या विहाराच्या मंडळाचा सचिव. ताई आणि तो एकाच घरात, मधे एक भिंत, चुली दोन. जादूला समोरून फारसा धोका नसतो, धोका असतो बाजूने. समोर बसलेल्याला जे दिसत नाही ते डाव्या कोपऱ्यातल्या पोराला दिसू शकतं. म्हणून नवीन प्रयोग बसवताना एक माणूस असा लागतो ज्याला सगळं माहीत आहे. त्याला डावीकडे बसवायचं, उजवीकडे बसवायचं, पोराच्या उंचीवर जमिनीवर बसवायचं आणि दर वेळी विचारायचं, दिसलं का? ताईचा हा माणूस प्रमोददादा होता. संध्याकाळी ऑफिसातून आला की ताईच्या हातचा चहा पिऊन तो स्टुलावर बसायचा.

"दिसलं."

"काय दिसलं?"

"बोटाच्या मागे पांढरं."

ताई हात बदलून पुन्हा करायची.

"आता?"

"आता नाही."

किती वर्षं असं चाललं होतं. कुर्लीबाईची मखमल त्यानेच मुंबईहून आणली होती. ताई म्हणायची, "हात माझे आहेत, पण डोळे पम्याचे."

तिचं बरं चाललं होतं. स्कूटीवर पत्र्याची पेटी बांधून ती वाढदिवसांना जायची, शहरातल्या हॉलमध्ये, समुद्राकडच्या हॉटेलांत, पावसच्या आंब्याच्या बागांमधल्या बंगल्यांत. बालवाडी तिने सोडली होती. जादू म्हटली की प्रत्येक घरची काहीतरी हरकत असायचीच. एका घरी शनिवारी काळं कापड नको म्हणाले, तिने निळं शिवलं. एका मोहल्ल्यात आजोबांनी तिला दारातच अडवलं, "जादू आमच्यात चालत नाही, बेटा." ती म्हणाली, "चाचा, हातचलाखी आहे. हात माझे आणि चलाखीपण माझी." ते हसले आणि पहिल्या रांगेत बसले. एका बाईंनी फोनवर सांगितलं, "श्रावण आहे हो, कुर्ली नका आणू. पोरांना खावीशी वाटेल." त्या वाढदिवसाला कुर्लीबाईने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि आपण उपवासाला आहोत असं जाहीर केलं.

सगळ्यांचं ती ऐकायची. आपल्या वाडीची काही हरकत निघेल, हे मात्र तिच्या डोक्यातच नव्हतं. आपण चमत्कार मानतच नाही, मग आपल्याला त्याची कसली भीती, असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत वाडीत एका मुलाच्या वाढदिवसाला तिने प्रयोग केला. त्यात समीक्षा होती. सहा वर्षांची. तिचे वडील मुंबईला कामाला होते आणि तिथेच आदल्या दिवाळीच्या आधी वारले. समीक्षा आजीकडे, यमुनाबाईंकडे राहते. वाढदिवसानंतर काही दिवसांनी यमुनाबाईंना पोरीच्या उशाशी बिस्किटांचा रिकामा डबा दिसला. पोर झाकण लावायची, फुंकर मारायची आणि झाकण उघडून बघायची.

"काय करतंयस गो?"

यमुनाबाईंनी डबा हातात घेऊन बघितला. आत तिच्या वडिलांच्या शर्टाचं बटण होतं.

यमुनाबाई तशाच ताईच्या दारात आल्या. मी पडवीत होतो. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुजी कुर्ली काय म्हणाली पोरीला? गेलेला सगळा परत येतो?"

ताईने पेटीतून आंब्याचा डबा काढला आणि त्यांच्याबरोबर निघाली. समीक्षाला पुढ्यात बसवून तिने डबा उघडला, वरचा तळ उचलून दाखवला, खालचा दाखवला आणि पोरीकडूनच दोन वेळा करून घेतलं.

समीक्षाने बराच वेळ डबा उलटसुलट केला. "म्हणजे तो आंबा दुसरा होता?"

"हो."

"मग पहिला कुठे गेला?"

"पहिला तुम्ही खाल्लात ना."

पोरीने मान हलवली. मग तिने विचारलं, "कुर्लीबाईला माहीत आहे हे?"

"नाही. तिला वाटतं, आपणच आणतो. तू तिला सांगू नकोस."

"नाही सांगणार," समीक्षा म्हणाली. आणि तिने सांगितलं नाही. वाडीतल्या एकाही पोराला तिच्याकडून डब्याचं कळलं नाही.

इथे हे संपायला हवं होतं. पण यमुनाबाईंनी आधीच मंडळाच्या कानावर घातलं होतं. मे महिना होता, मुंबईचे सगळे लोक गावी आलेले. आमच्याकडे गावचं मंडळ वेगळं आणि मुंबईचं वेगळं, पण निर्णय मुंबईचं मंडळ घेतं, कारण विहार त्यांनी बांधला. मुंबई मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्रआबा. त्यांनी विहारात बैठक बोलावली.

आबा वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो. आमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांच्या शाळेच्या फिया त्यांनी भरल्या आहेत, माझ्या डिप्लोमाचीही. ते हळू बोलतात.

"आमच्या आईबापांनी घरातले देव उचलून पाण्यात सोडले," ते म्हणाले. "गावाने वाळीत टाकलं तरी मागे फिरले नाहीत. कशासाठी? आपली पोरं कुणाच्या फुंकरीवर विसंबून राहू नयेत म्हणून. आणि सत्तर वर्षांनी आमची एक पोर डब्यात बापाचं बटण ठेवते."

ताई म्हणाली, "आबा, मी तिला डबा उघडून दाखवला. तिला कळलं."

"एकीला कळलं. बाकीच्यांचं काय? भगवंतांनी भिक्खूंना चमत्कार दाखवायला मनाई केली होती."

"मी भिक्खू कुठे आहे?"

मागच्या बाया हसल्या. आबाही थोडे हसले. "बरं. पण कुर्ली बोलते हे तरी खोटं ना?"

"शाळेच्या पुस्तकात ससा बोलतो की."

"तो पुस्तकात बोलतो. तुझी समोर बसून बोलते."

मला वाटतं, ताईला ते थोडं पटलं होतं. पुढच्या आठवड्यात मुलांचं संस्कार शिबिर होतं. प्रमोददादा उठून म्हणाला, "आबा, ताई शिबिरात प्रयोग करील आणि तो कसा केला ते स्वतःच पोरांना उलगडून दाखवील. मग तर प्रश्न मिटला?" सगळ्यांना ते आवडलं.

घरी आल्यावर ताई त्याच्यावर चिडली. "मला न विचारता बोललास."

"एकच गं, डबा. तसलाच बाजारात पण मिळतो. बाकी कशाला हात लावू देणार नाही, माझा शब्द."

"आणि मोबाइल? कुणी व्हिडिओ काढला तर?"

"एकही आत येणार नाही. मी स्वतः दारात गोळा करीन."

तिने बाळाकाकांना फोन लावला. ते आता खूप थकले आहेत, बोलताना दम लागतो. "डबा दाखव," ते म्हणाले. "डबा माझ्याही आधीपासूनचा. पण कुर्ली तुझी. तिला सांभाळ."

शिबिराच्या दिवशी विहार भरून गेला होता. प्रमोददादा खरोखरच दारात पिशवी घेऊन उभा होता. माझाही मोबाइल त्याने त्या पिशवीत टाकला. ताईने आंब्याचा प्रयोग केला. कुर्लीबाई म्हणाली, "विहारात शांत बसायचं असतं म्हणे, म्हणून आज मी फक्त एकदाच चिडणार आहे." पोरं हसून लोळली. आंबा निघाला. मग ताईने कुर्लीबाईला टेबलावर ठेवलं, तिच्या डोळ्यांवर रुमाल टाकला, कारण तिला हे कळायला नको होतं, आणि डबा उघडून दोन्ही तळ दाखवले. दोघातिघांना पुढे बोलावून करायला लावलं. टाळ्या पडल्या. ताईचा चेहरा मी बघितला. तिला हे आवडत होतं. असं शिकवणं हेच तर तिला एके काळी करायचं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबा म्हणाले, "छान. आणि बाकीचं?"

ताईने प्रमोददादाकडे बघितलं. तो उठला, माइकजवळ आला. ती बाजूला सरकली, म्हणजे त्याला बोलता यावं. एवढंच पुरे, असं तो सांगेल याची तिला खात्री होती. मलाही होती.

"आबा बरोबर बोलतात," प्रमोददादा म्हणाला. "एक दाखवायचा आणि चार लपवायचे, ही पण एक फसवणूकच झाली. आपल्याला ती शोभत नाही."

त्याने तिची पेटी उघडली. दोरी काढली, गाठ कुठे असते ते सांगितलं. वर्तमानपत्रात ओतलेलं पाणी कुठे जातं ते सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. कुठल्या बोटामागे काय असतं, कुठल्या बाजूने बघितलं की दिसतं. त्याने पोरांना उठवून डावीकडे बसवलं आणि म्हणाला, "आता बघा. इथून दिसतं."

ताई एकदा म्हणाली, "प्रमोद." माइक त्याच्याकडे होता, तिचा आवाज पुढच्या रांगेच्या मागे गेला नाही.

मग त्याने कुर्लीबाईच्या डोळ्यांवरचा रुमाल काढला आणि तिच्यात स्वतःचा हात घातला. "ही मखमल आहे. दादरहून मीच आणली. ही बोलत नाही, ताई बोलते. ओठ हलत नाहीत, पण गळा हलतो. तिच्या गळ्याकडे बघा, इथे. ताई, बोल ना काहीतरी." त्याने माइक तिच्या तोंडापुढे धरला.

दीडशे पोरं तिच्या गळ्याकडे बघत होती. तिने पदर ओढून घेतला.

समीक्षा दुसऱ्या रांगेत होती. शेजारणीला ती हळूच म्हणाली, "आता तिला कळलं."

घरी जाताना मी माझा मोबाइल घ्यायला दाराशी थांबलो, तेव्हा खिडकीच्या चिऱ्यावर उभा करून ठेवलेला एक मोबाइल मला दिसला. तो प्रमोददादाचा होता.

व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे गेला. आधी मुंबईच्या ग्रुपवर, मग तालुक्याच्या, मग शाळांच्या पालकांच्या ग्रुपवर. "कौतुकास्पद उपक्रम, आमच्या भगिनीने केली जादूची पोलखोल," असं त्याखाली लिहिलेलं. लोक टाळ्यांची चित्रं पाठवत होते. ताईचंही अभिनंदन करत होते. व्हिडिओत सगळं प्रमोददादा बोलतो, पण नाव तिचं होतं.

त्यानंतर पावसला एका बागेतल्या बंगल्यात तिचा आधीच ठरलेला वाढदिवस होता. पेटी मोठी म्हणून मी बरोबर गेलो. पोरं शहाण्यासारखी बसली होती. कुणी ओरडलं नाही, टिंगल केली नाही. कुर्लीबाई बोलू लागली तेव्हा एकही पोर तिच्याकडे बघत नव्हतं. सगळी ताईच्या गळ्याकडे बघत होती. एक मुलगी उठून पुढे येऊन बसली, नीट दिसावं म्हणून. ताईने अर्ध्यावर थांबून पोरांना गाणी म्हणायला लावली. निघताना घरच्या बाई म्हणाल्या, "आम्ही ग्रुपवर बघितलं हो. फार छान काम करता तुम्ही. पुढच्या वेळी मुलांना तेच दाखवा."

पुढची वेळ आली नाही. ठरलेले वाढदिवस एकेक करून रद्द झाले, नवे ठरले नाहीत.

बाळाकाकांचा फोन आला. ताईने स्पीकरवर ठेवला, कारण त्यांचा आवाज फार बारीक झाला आहे. "बघितलं मी," ते म्हणाले. "त्यात तू काही बोलली नाहीस. तुझा भाऊ बोलला." मग दम खाऊन ते म्हणाले, "पण त्याला दाखवलं कोणी?"

फोन ठेवल्यावर ताई उठून भिंतीपलीकडे गेली. प्रमोददादा जेवायला बसला होता. दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे पडवीत मला सगळं ऐकू आलं.

"तू शब्द दिला होतास."

"ताई, वातावरण तसं झालं. आबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी सचिव आहे. मी कसा म्हणणार, लपवा म्हणून?"

"मोबाइल आधीच लावला होतास. तेव्हा तर आबांनी काही विचारलं नव्हतं."

प्रमोददादाने ताट बाजूला सरकवलं.

"तो नोंद म्हणून," तो म्हणाला. "मंडळाकडे ठेवायला. मुंबईवाल्यांनी पुढे पाठवला."

"मुंबईवाल्यांना कोणी दिला?"

"ताई, तुला माहीत नाही लोक काय बोलत होते. बाई भगतगिरी करते इथपर्यंत गेले होते. आता सत्कार करायचा म्हणतात तुझा. मी तुला वाचवलं. आणि मी खोटं काय बोललो? एक शब्द तरी खोटा होता का?"

"नाही," ताई म्हणाली. "सगळं खरं होतं. मीच तुला दाखवलेलं."

सत्काराला ती गेली नाही. तिची शाल प्रमोददादाने घेतली.

त्या व्हिडिओमुळे त्याला वाड्यावाड्यांतून बोलावणी येऊ लागली. चमत्कारामागची चलाखी, असा कार्यक्रम त्याने तयार केला. सामानासाठी तो ताईकडे आला तेव्हा तिने वाद घातला नाही. पेटी पुढे सरकवली, कुर्लीबाई तेवढी काढून घेतली. ती पुन्हा बालवाडीत जाऊ लागली. तिथल्या बाईंनी विचारलं, "जादू करशील ना मुलांसाठी?" ती म्हणाली, "अंक शिकवीन."

दापोलीकडच्या बुरोंडीच्या कार्यक्रमाला प्रमोददादा मला घेऊन गेला, गाडी मी चालवली. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रमोददादाला प्रत्येक प्रयोगाचं गुपित पाठ होतं, पण प्रयोग येत नव्हता. इतकी वर्षं तो बघत आला होता, हातात कधी घेतलं नव्हतं. डब्याचा वरचा तळ त्याच्याकडून आधीच निसटला आणि आंबा खडखडला. दोरीची गाठ उघडी पडली. मग तो घाईघाईने सांगू लागला की हे असं असतं, हे तसं असतं. पोरं ऐकत होती, जशी शाळेत ऐकतात तशी. पुढे बसलेला एक पोरगा म्हणाला, "सर, पण आधी जादू करा ना."

"तीच तर कशी करतात ते सांगतोय."

"पण केली कुठे?"

मोठी माणसं हसली. प्रमोददादाही हसला, पण लगेच पेटी आवरायला लागला. त्यानंतरच्या दोन वाड्यांतही तेच झालं. तिसऱ्या वाडीने कार्यक्रम पुढे ढकलला.

मागच्या रविवारी तो ताईकडे आला. पेटी उचलायला मी बरोबर होतो. ताई ओट्याशी पालेभाजी निवडत होती. आमची चाहूल लागली तशी ती हात पुसून उभी राहिली आणि म्हणाली, "जय भीम."

घरातल्या घरात आम्ही कुणी एकमेकांना जय भीम करत नाही. प्रमोददादा गोंधळला. "जय भीम," तो म्हणाला. मी पेटी कोपऱ्यात ठेवली.

"ताई, एक विचार आहे," तो म्हणाला. "कार्यक्रम आपण दोघांनी करायचा. आधीचा भाग तू कर. कुर्ली पण घे हवी तर. पोरं रंगली की मग मी उठून उलगडा करीन. नाव दोघांचं. आबांशी बोललोय मी, त्यांना चालेल."

"नाही."

"का पण? तुझं कामही सुरू होईल. बालवाडीत काय ठेवलंय?"

"पोरांना आधीच माहीत असेल," ताई म्हणाली, "की माझ्या मागून तुम्ही येणार आहात."

तो "तुम्ही" माझ्या आधी प्रमोददादाला ऐकू गेला असावा. त्याने मान वर केली. भिवाकाका गेल्यानंतर तिनेच त्याला शिकवलं, त्याच्या ऑफिसच्या परीक्षेचा अभ्यास घेतला, आणि विहारातलं ते एक "प्रमोद" वगळता पम्याशिवाय दुसऱ्या नावाने त्याला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"ताई, असं काय बोलतेस?"

"बसा ना. उभे का?" तिने खुर्ची पुढे केली. पाहुण्यांसाठी ठेवलेली, प्लास्टिकची निळी. रोज तो ओट्यावरच टेकायचा. तो खुर्चीत बसला, अगदी कडेला.

ताईने गॅस पेटवला, पातेल्यात पाणी घातलं, चहापूड टाकली. साखरेचा डबा उघडून चमचा हातात धरून ती त्याच्याकडे वळली.

"साखर किती घालू?"

प्रमोददादा तिच्याकडे बघत राहिला. ती वाट बघत उभी होती, पाहुण्याच्या उत्तराची बघतात तशी, सौम्य चेहऱ्याने. पाणी उकळायला लागलं.

"दीड चमचा," तो म्हणाला.